कुसळ्याचं बी

आमच्या वन्संना त्यांचं गाव सापडलं, त्याला आता चार-पाच वर्षं होतील. त्याआधी गाव होतंच, आम्ही त्यात राहतही होतो, पण त्यांना ते सापडलेलं नव्हतं.

मी चैताली. माहेर वलवणचं. लग्नाआधी लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानात काउंटरला उभी राहायचे. दिवसभर बाहेरगावची माणसं समोर येऊन विचारायची, "ओरिजिनल कुठली?" आणि मी प्रत्येकाला सांगायचे, हीच. त्यामुळे गावाचं कौतुक करायला बाहेरून आलेलं माणूस दिसलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही नणंदेवर जळते. जळतही असेन थोडी. पण मला सांगायचंय ते माझ्या सासूचं, नंदाबाईंचं. त्यांना मी आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

आत्या बारीक चणीच्या. बोलणं मोजकं, हट्ट मात्र दांडगा. लग्न होऊन आंदर मावळात आल्या तेव्हा गावात गाडी येत नव्हती. डोंगराच्या कडेकडेनं चालत आल्या आणि आल्या त्या परत म्हणून कुठं गेल्या नाहीत. त्यांच्या सासूनं, भागुबाईनं, त्यांना घरातल्या दोनच गोष्टी नीट समजावून सांगितल्या होत्या. एक, पाहुण्यापुढं हात आखडता घ्यायचा नाही. दुसरी, कुसळ्या मोडू द्यायचा नाही.

कुसळ्या म्हणजे भात. त्याच्या लोंबीला लांब काळी कुसळं असतात म्हणून तसं नाव. दाणा आखूड, आतून तांबूस. शिजायला वेळ लावतो आणि पेज केली तर नुसत्या मिठावर जेवण होतं. कुसळं टोचतात म्हणून रानडुकरंही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. पण उतारा कमी. वारा आला की आडवा होतो. गावात जास्त पिकणारी पांढऱ्या तांदळाची इंद्रायणी जात आली तशी एकेका घरानं कुसळ्या सोडला. आमच्याकडं तो झऱ्याखालच्या एकाच खाचरात राहिला, आणि तोही आत्यांमुळं.

तो आला कुठून, तेही आत्या सांगायच्या. आमचं मूळ गाव आता धरणाच्या पाण्यात आहे. पाणी चढायला लागलं तेव्हा भागुबाईच्या सासूनं देव नवऱ्याच्या हातात दिले आणि स्वतःच्या डोक्यावर बियाची मुडी घेतली. मुडी म्हणजे पेंढ्यात गच्च बांधलेलं बियाणं. वर येऊन दुसऱ्याच्या पडक्या गोठ्यात राहिले, उपाशी झोपले, पण मुडी सोडली नाही. पहिल्या पावसाळ्यात उसन्या तुकड्यावर पेरलं. आमच्या घराचा इतिहास म्हणाल तर एवढाच. आमच्याकडं ना तलवार आहे ना ताम्रपट.

भाताचं बी ठेवून ठेवून राहत नाही. एक-दोन पावसाळे गेले की उगवेल याचा भरवसा नाही, म्हणून दरवर्षी पेरावंच लागतं. कापणीच्या आधी आत्या एकट्या त्या खाचरात उतरायच्या, चांगल्या लोंब्या निवडून काढायच्या, झोडून वाळवायच्या आणि मुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. माझे सासरे अंबाजी इंद्रायणीच्या बाजूचे होते. एका वर्षी त्यांनी गपचूप त्या खाचरात इंद्रायणीचं रोप लावून घेतलं. आत्यांनी सकाळी जाऊन सगळं उपटलं, वरच्या खाचरात नेऊन लावलं आणि दुपारी नवऱ्याला रोजच्यासारखं जेवायला वाढलं.  सासऱ्यांनी परत तसं केलं नाही.

अशा बाईची लेक म्हणजे आमच्या स्नेहल वन्सं.

लहानपणी त्या या भातापायी रडून घर डोक्यावर घ्यायच्या, असं माझा नवरा निलेश सांगतो. निलेश त्यांचा धाकटा भाऊ. लाल भात बघून शाळेतल्या मुली हसतात, मला पांढरा पाहिजे. मग त्यांच्यापुरता पांढरा शिजायचा. पुढं पुण्याला होस्टेलवर गेल्या, शिकल्या, चांगली नोकरी लागली, बाणेरला फ्लॅट झाला. गाव कुठलं विचारलं तर लोणावळा सांगायच्या. आमच्या गावातून लोणावळ्याला जायचं तर निम्मा दिवस मोडतो, पण ते कुणाला माहीत? त्यांच्या लग्नात आत्यांनी नुसतं म्हटलं होतं, घरचा भात शिजवू का थोडा? तर वन्सं म्हणाल्या, "आई, प्लीज."

मग एका दिवाळीत त्यांना काय झालं देव जाणे. तापातून उठल्या होत्या, तोंडाला चव नव्हती. आत्यांनी कुसळ्याची पेज आणि चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं. पहिला घोट घेतला आणि वन्सं रडायला लागल्या. खरंच रडल्या, ते नाटक नव्हतं. मलाही त्या दिवशी त्यांची माया आली. मी उठून आणखी वाढलं.

पण रडून झाल्यावर त्यांनी ताटाचा फोटो काढला, आणि तिथून आमच्या घराला काही धरबंद राहिला नाही.

दर दोन महिन्यांनी वन्सं. आधी एकट्या, मग मैत्रिणींना घेऊन, मग अनोळखी माणसांना घेऊन. "चैताली, चूल पेटव ना, गॅसवर नको." "चैताली, ते स्टीलचं ताट नको गं, पत्रावळी नाहीत का?" घरात टाइल्स बसवल्या तर तोंड एवढंसं केलं, शेणानं सारवलेलं किती छान होतं म्हणे. सारवत होतं कोण, ते नाही विचारलं. कुर्डू, भारंगी, चाईची भाजी, जे आम्ही पावसाळ्यात हाताला लागेल म्हणून खातो, त्याला त्यांनी काय काय नावं दिली. मी नाक मुरडलं की निलेश म्हणायचा, "जाऊ दे ना, ताई हाय. माहेराला येती."

आत्यांचा मात्र ऊर भरून यायचा. जिनं लाल भात लोटून दिला होता ती लेक आता चारचौघांत सांगते की माझ्या आईच्या हातचा भात खा. आत्यांच्या जागी मी असते तर मलाही बरं वाटलं असतं, हे कबूल करते.

तुंगार्लीला एका बंगल्यात वन्संनी रानभाज्यांचा मोठा कार्यक्रम केला. आत्यांना गाडीत घालून नेलं. आत्या वीस वर्षं गोल साडी नेसतात, तर त्यांना नऊवारी नेसवली, भाड्याची नथ घातली आणि हिरवळीवर मांडलेल्या चुलीपुढं बसवलं. वन्सं माइकवर बोलत होत्या, शूर मावळ्यांचा हा आहार आणि काय काय. मग आत्यांना म्हणाल्या, "आई, तू सांग ना कुसळ्याची गोष्ट." आत्यांनी पदर सावरला आणि सुरुवात केली, "आमचं गाव पान्यात गेलं तवा..." वन्संनी हळूच माइक काढून घेतला. गाडीत परत येताना समजावलं, "आई, लोक सुट्टीला आलेले असतात गं. त्यांना असं जड काही नको वाटतं." आत्या म्हणाल्या, "बरं." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण गाडी वन्संची होती.

आता मुडीचं सांगते. गेल्या वर्षी आत्यांच्या गुडघ्यानं दगा दिला. खाचरात उतरवेना. कापणीच्या तोंडावर त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "औंदा लोंब्या तू काढ. मुडी बी तूच बांध. माज्या सासूनं मला दिलं, मी तुला देते." मी वलवणची, धरणाकाठची असले तरी भातातलं मला काय कळतंय? आत्या बांधावर बसून दाखवत होत्या आणि मी चिखलात वाकून लोंब्या खुडत होते. कुसळांनी हात सोलून निघाले. मुडी बांधताना माझी गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. बारा वर्षं त्या घरात मी निलेशची बायको होते. त्या दिवशी पहिल्यांदा घरातलं काहीतरी माझ्या नावानं झालं. हे कुणाला सांगायला गेले असते तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

लोंब्या काढल्या आणि परतीचा पाऊस असा बसला की झऱ्याखालचं उभं भात कुजलं. खाण्यापुरता कुसळ्या आलाच नाही. घरात होतं ते फक्त बी, आढ्याला टांगलेलं, माझ्या गाठीचं.

माघात वन्संचा फोन आला. "आई, यावेळी आठ-दहा जणी आहेत. खूप मोठ्या मोठ्या बायका आहेत. त्यांना कुसळ्या हातानं कांडायचाय, उखळात. मग तोच शिजवायचा आणि जाताना तू सगळ्यांच्या ओट्या भर. मी त्यांना सगळं सांगून ठेवलंय."

मी आत्यांना म्हटलं, "इंद्रायणी कांडू द्या. त्यांना काय कळतंय?"

"तांबडा नसतो तो. लेकीनं सांगून ठिवलंय."

"मग फोन करा आणि सांगा, औंदा नाही आला म्हणून."

 आत्यांनी जन्मात पाहुण्याला नाही म्हटलं नव्हतं, आणि हे तर लेकीचे पाहुणे. मी निलेशला सांगितलं तर म्हणाला, थोडंसं काढा, बाकीचं ठेवा, त्यात काय एवढं. कंपनीतून दमून आलेला माणूस, त्याला दोन्हीकडून सुटका पाहिजे होती.

त्या बायका आल्या. हसऱ्या, चांगल्या बायका होत्या, त्यांच्यात वाईट काही नव्हतं. माझ्याशीही प्रेमानं बोलल्या. आत्यांनी सकाळीच मुडी खाली काढली होती. गाठ सुटेना तेव्हा विळीनं कापली. सुपात थोडं भात घेऊन बाहेर आल्या, उरलेलं आत झाकून ठेवलं. वन्संनी ते सूप बघितलं आणि त्यांना काहीतरी वाटलं असावं. एवढं सांगायला पाहिजे, नाहीतर माझी जीभ खोटी पडेल. त्या आत आल्या आणि विचारलं, "आई, बी ठेवलंयस ना वेगळं?"

आत्या म्हणाल्या, "हाय गं. माळ्यावर हाय. तू नगं काळजी करू."

माळ्यावर भोपळे आणि मोडका पंखा होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की बांगडी रुतली. "पाव्हण्यांम्होरं न्हाई," म्हणाल्या.

बाहेर कांडण सुरू झालं. एकीनं मुसळ उचललं, दुसरीनं व्हिडिओ काढला, तिसरीला हसू आवरेना. सुपातलं संपलं तेव्हा चौघी-पाचजणींचीच पाळी झाली होती. बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला पण. वन्सं म्हणाल्या, "आई, अजून आण ना थोडं." आत्या लंगडत आत गेल्या आणि सूप भरून आल्या. पुन्हा संपलं, पुन्हा गेल्या, आत झाकलेलं सगळं संपेपर्यंत. मी चुलीपाशी बसून मोजकी लाकडं सारत होते आणि मुसळाचा एकेक घाव कानात येत होता. भात फुटून तांदूळ झाला की तो खायचाच, तो परत उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी शिकवायचं असतं का?

त्यातला निम्मा तांदूळ शिजवला, तांबूस वाफ निघाली, सगळ्यांनी डोळे मिटून खाल्ला. मग ओट्या. कुणाला पदर नव्हता. कुणी ओढणी पुढं केली, कुणी कापडी पिशवी. आत्यांनी एकीला भरभरून आणि दुसरीला चिमूट असं केलं नाही, सगळ्यांना सारखी ओंजळ. ओटीतले चार दाणे घरच्या ताटात परत टाकायचे असतात, म्हणजे घर रिकामं होत नाही. त्या बायकांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. वन्संना ठाऊक होतं, पण त्या फोटो काढत होत्या. शेवटी आत्यांनी सूप झाडून उरलेलं सगळं वन्संच्या ओटीत घातलं, कारण माहेरवाशिणीची ओटी अपुरी ठेवायची नसते. गाड्या गेल्यावर मी सूप घेऊन उजेडात बसले आणि बोटानं चाळत राहिले. कणी होती आणि कोंडा होता.

त्या संध्याकाळी मी आत्यांशी बोलले नाही. पुढंही बरेच दिवस कामापुरतंच बोलले. त्यांनीही काही विचारलं नाही.

मृग जवळ आला. राब भाजून झाले, म्हणजे रोपासाठी जमीन पालापाचोळा टाकून जाळून घेतात तसं. आत्यांनी कुसळ्याचाही राब भाजून घेतला. मी म्हटलं, पेरणार काय? तर काठी टेकत गावात निघाल्या. घरोघर विचारलं, कुणाच्या कणगीत चुकून कुसळ्या राहिलाय का. पलीकडच्या दोन वाड्यांपर्यंत गेल्या. सगळ्यांनी चहा पाजला आणि सगळ्यांनी सांगितलं, मावशी, तुमच्याकडंच होता की तो.

मग आत्यांनी मला वन्संना फोन लावायला सांगितला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू होता.

"स्नेहल, ते ओटीतलं तांदूळ हायेत का गं?"

माझ्या हातातलं काम थांबलं. ओटीत घातलेलं परत मागायचं नसतं. आमच्याकडं भांडणातसुद्धा कुणी मागत नाही. आत्यांनी मागितलं. हातानं कांडलेल्या तांदळात काही दाणे न फुटलेले राहतात, त्यातले मूठभर जरी निघाले तरी एक वाफा होईल, असा त्यांचा हिशेब होता. तो मला लगेच कळला. वन्संना कळला नाही.

"अगं आई, त्याला किडे झाले ना. मी हॉलमध्ये काचेच्या बरणीत ठेवले होते, इतके सुंदर दिसत होते. मग कामवाल्या मावशींनी गॅलरीत कबुतरांना घातले. का गं?"

आत्यांनी आढ्याकडं बघितलं.

"तुला लाल तांदूळ हवेत का? इथे ऑनलाइन मिळतात छान. मागवू का तुझ्यासाठी?"

"नगं," आत्या म्हणाल्या. "हाय हितं. सहज इच्यारलं. पोरं बरी हायेत ना?"

फोन ठेवून त्या चुलीपुढं जाऊन बसल्या. मला राहवेना. मी अंगणात जाऊन वन्संना परत फोन लावला आणि सगळं सांगितलं, एकही शब्द गिळला नाही.  पलीकडून रडण्याचा आवाज आला. "पण मी विचारलं होतं ना गं तिला, बी आहे ना म्हणून? ती हो म्हणाली होती." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझा संताप जास्त झाला. मी म्हटलं, वन्सं, तुमच्या आईनं तुम्हाला आजवर कधी नाही म्हटलंय का? मग तिला कशाला विचारलं? आढ्याकडं बघायचं होतं.

आठवड्यानं निलेशनं मोबाइल पुढं केला. वन्संनी आत्यांचा उखळापाशी बसलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, आमच्या घराण्यातला हरवलेला तांदूळ. शेकडो लोकांनी रडणारे चेहरे पाठवले होते. हरवला, म्हणे. मी मोबाइल उलटा ठेवला.

पाऊस लागला. भाजलेला राब रिकामा ठेवून चालत नाही, तण माजतं. निलेशनं टाकव्याच्या दुकानातून इंद्रायणीची आणखी एक पिशवी आणली. मी आणि आत्या झऱ्याखाली गेलो. आत्या बांधावर बसल्या, मी पिशवी फाडली.

"चैताली," आत्या म्हणाल्या, "मुडी तू बांधल्याली. तुजं व्हतं ते."

"राहू द्या आत्या."

"राहू कशाला दिऊ? ती येती आन जाती. हितं तू हायेस. माजं गुडघं तू चोळतीस. माज्या सासूनं मला भरल्याली मुडी दिली, आन मी तुजं काढून लेकीला वाटलं. ती परत पहिल्यावानी कुसळ्याला नगं म्हनाली असती तर मला मेल्यावानी झालं असतं, म्हनून वाटून टाकलं."

 इतके महिने जे ऐकायचं म्हणून मी धुमसत होते ते ऐकून झालं होतं, आणि त्यानं काही म्हणता काही बरं वाटलं नाही. मी पिशवी त्यांच्यापुढं धरली. त्या राबात पहिली मूठ दरवर्षी त्याच टाकायच्या, त्यांच्या आधी भागुबाई टाकायची.

"टाका आत्या," मी म्हटलं.

आत्यांनी पिशवीत बघितलं आणि हात पदराखाली घेतला.